आजारी श्वानाला तातडीच्या पशुवैद्यकीय उपचारांची गरज केव्हा? : निर्णयाचे निकष

प्रस्तावना :

घरातील श्वान आजारी पडला म्हणजे कुटुंबात जी चर्चा होते तिचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो : ‘सकाळपर्यंत पाहू.’ हे वाक्य निष्काळजीपणाने उच्चारले जात नाही. रात्री दवाखाना उघडा नसतो, वाहन मिळण्याची अडचण असते, खर्चाचा अंदाज नसतो आणि मागील खेपेस अशाच उलट्या झाल्या असता श्वान आपोआप बरा झाल्याची आठवणही असते. पुष्कळ वेळा सकाळपर्यंत थांबण्याने काही बिघडत नाही. परंतु काही थोड्या प्रसंगी याच सात-आठ तासांत श्वान दगावतो, आणि दुर्दैवाची गोष्ट अशी की हे दोन्ही प्रकारचे प्रसंग प्रारंभी जवळजवळ सारखेच दिसतात. त्यांच्यातील फरक घरच्या माणसाला कसा ओळखता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या प्रश्नाला महाराष्ट्रात एक विशेष संदर्भ आहे. मुंबईत परळ येथे १८८३ मध्ये बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालयाची स्थापना झाली. म्हणजे पशुवैद्यकीय शिक्षणाची व सेवेची परंपरा येथे जुनी आहे. तथापि जिल्ह्या-तालुक्यांत पसरलेले शासकीय दवाखाने गाय, बैल, म्हैस, शेळी या पशुधनाच्या गरजा समोर ठेवून उभारले गेले व ते योग्यही होते. श्वानांसाठी रात्री सेवा देणारी रुग्णालये मात्र आजही प्रामुख्याने मोठ्या शहरांतच आढळतात. त्यामुळे ‘आता जावे की थांबावे’ हा निर्णय येथे बऱ्याच अंशी घरातच, वैद्यकीय मदतीवाचून घ्यावा लागतो.

निदान नव्हे, वेळेचा अंदाज :

पहिली अडचण अशी की श्वानमालक स्वतःला चुकीचा प्रश्न विचारतो. ‘याला काय झाले असेल?’ हा तो प्रश्न होय. अपचन, गॅस, जंत, उष्णता, नजर असे तर्क सुरू होतात आणि त्यांपैकी एखादा मनाला पटला की त्यानुसार ओव्याचे पाणी, ताक किंवा घरातील माणसांसाठी आणलेली गोळी दिली जाते. वस्तुतः रोगाचे निदान हे पशुवैद्यकाचे काम आहे, आणि तोही रक्ततपासणी व क्ष-किरण तपासणीवाचून पुष्कळदा ते करू शकत नाही. घरी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : या प्राण्याजवळ किती वेळ आहे?

रोगाचे नाव माहीत नसतानाही या प्रश्नाचे उत्तर देता येते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला रणांगणावर उमगली. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक जाँ लारे याने जखमींची निवड त्यांचा हुद्दा किंवा पक्ष न पाहता केवळ जखमेच्या गांभीर्यावरून करण्याचा पायंडा पाडला. पुढे याच तत्त्वावर रुग्णालयांच्या अपघात विभागांतील वर्गवारीची पद्धत विकसित झाली व तेथून ती पशुवैद्यकातही आली. तिचा गाभा साधा आहे. श्वसन, रक्ताभिसरण आणि शुद्ध या तिन्हींपैकी एकही ढासळत असेल तर रोग कोणताही असो, थांबता येत नाही.

याच ठिकाणी दुसरी अडचण उभी राहते. मोठ्याने ओरडणाऱ्या श्वानाकडे घरच्यांचे लक्ष लगेच जाते, निमूट पडून राहिलेल्याकडे जात नाही. पंजात काटा रुतलेला श्वान सारी गल्ली जागी करतो. पोटात रक्तस्राव होत असलेला श्वान कोपऱ्यात जाऊन बसतो व ‘बरे झाले, झोपला’ असे सर्वांना वाटते. वाहनाची धडक बसूनही उठून चालू लागलेला श्वान हे याचे नेहमीचे उदाहरण होय. तो चालतो म्हणजे हाडे शाबूत आहेत एवढेच फार तर म्हणता येईल. छाती व पोट यांमधील पडदा फाटला असेल, प्लीहेतून रक्त झिरपत असेल किंवा मूत्राशयाला इजा झाली असेल, तर त्याची लक्षणे काही तासांनी प्रकट होतात. म्हणून धडक बसलेल्या प्रत्येक श्वानाची त्याच दिवशी तपासणी होणे आवश्यक ठरते.

घरी काय पाहावे :

श्वसनाची गती मोजणे सर्वांत सोपे. श्वान शांत पडलेला असताना छाती वर येऊन खाली जाणे हा एक श्वास धरून अर्धा मिनिट मोजावे व दुप्पट करावी. विश्रांतीच्या किंवा झोपेच्या अवस्थेत ही संख्या साधारणतः मिनिटाला ३० च्या आत असते. थंड जागी, न धावता, ती ४० च्या वर टिकून राहत असेल तर चिंतेचे कारण आहे. उन्हातून आल्यावर किंवा खेळल्यावर धापा टाकणे स्वाभाविक असल्याने त्या वेळची मोजणी उपयोगाची नाही. परंतु मान लांब करून, कोपरे शरीरापासून दूर ठेवून, प्रत्येक श्वासागणिक पोट ओढून घेणारा व आडवे होण्यास नकार देणारा श्वान दिसला, तर आकडा मोजत बसण्याचीही गरज नाही. त्याला श्वास पुरत नाही, इतके त्यावरून स्पष्ट होते.

रक्ताभिसरणाची कल्पना हिरड्यांवरून येते. ओठ वर उचलून दाताच्या मुळाशी पाहिले असता निरोगी हिरडी गुलाबी व ओलसर दिसते. तिच्यावर बोटाने दाब देऊन बोट काढले की दाबलेली जागा क्षणभर पांढरी होते व दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. यास अधिक वेळ लागत असेल, अथवा हिरडी पांढुरकी, निळसर, मातकट तपकिरी किंवा विटेसारखी लालभडक दिसत असेल, तर ती तातडीची अवस्था समजावी. पिवळी हिरडी काविळीची द्योतक असून तिच्यासाठीही त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अनेक देशी श्वानांच्या व काही परदेशी जातींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. अशा वेळी खालची पापणी हलकेच ओढून आतील रंग पाहावा. आपल्या श्वानाचा नेहमीचा रंग कसा असतो हे तो निरोगी असतानाच पाहून ठेवलेले नसेल, तर मध्यरात्री विजेरीच्या उजेडात पाहिलेल्या रंगावरून फारसा बोध होत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

शुद्धीविषयी विशेष सांगण्याची आवश्यकता नाही. हाक मारल्यावर डोळेही न हलवणे, उभे राहता न येणे, एकाएकी कोसळणे यांचा अर्थ कोणासही कळतो. फिट येण्याबाबत मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत थांबतात. एकच झटका येऊन श्वान पूर्वस्थितीत आल्यास पशुवैद्यकाशी दूरध्वनीवर बोलून दुसऱ्या दिवशी तपासणी करणे बहुधा चालते. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, किंवा चोवीस तासांत दुसरा आला, किंवा दोन झटक्यांमध्ये श्वान पुरता शुद्धीवर आलाच नाही, तर मात्र निघावेच लागते. झटक्याच्या वेळी तोंडात चमचा घालणे किंवा कांदा, चप्पल हुंगवणे हे माणसांच्या बाबतीतही निरर्थक असलेले उपाय श्वानांवरही होताना दिसतात. त्यातून केवळ करणाऱ्याच्या बोटांना चावा बसण्याचा संभव वाढतो.

तापमानाची नोंद उपयुक्त असली तरी ती गुदमार्गातूनच घ्यावी लागते. नाक गरम लागते की थंड यावरून काहीही ठरत नाही. श्वानाचे सामान्य तापमान माणसापेक्षा अधिक, म्हणजे सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे १०१ अंश पाहून पॅरासिटामॉल देण्याची चूक सुशिक्षित घरांतही घडते. हे औषध अधिक मात्रेत श्वानाच्या यकृतास व तांबड्या रक्तपेशींस इजा करते. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो.

उलटी न होणारी ओकारी :

वरील निकष प्रत्यक्षात कसे लागू पडतात हे पाहण्यासाठी जठराला पीळ पडण्याच्या विकाराचा थोडा विस्ताराने विचार करणे इष्ट ठरेल, कारण ‘सकाळपर्यंत पाहू’ या वाक्याने सर्वांत निश्चित हानी होते ती येथेच.

प्रसंग साधारणपणे असा घडतो. जर्मन शेफर्ड किंवा डॉबरमनसारखा मोठ्या चणीचा, मध्यम वयाचा श्वान रात्री भरपेट जेवतो. तासा-दोन तासांनी तो अस्वस्थ होतो, बसतो, उठतो, जागा बदलतो, वळून आपल्या पोटाकडे पाहतो. मग ओकाऱ्या सुरू होतात, पण बाहेर काही पडत नाही, पडला तर थोडा पांढरा फेस किंवा लाळ. घरच्यांना वाटते, जेवण जास्त झाले, गॅस धरला. कोणी ओवा देतो, कोणी खाण्याचा सोडा पाण्यातून पाजतो. दोनेक तासांनी श्वान शांत पडतो. सर्वांना सुटल्यासारखे वाटते. पहाटे तो मृतावस्थेत आढळतो.

या वेळात शरीरात काय घडते? वायूने फुगलेले जठर स्वतःभोवती फिरते. त्यामुळे अन्ननलिकेकडील वरचे तोंड व आतड्याकडील खालचे तोंड ही दोन्ही आवळली जातात. म्हणूनच ओकारी येते पण उलटी होत नाही, ढेकरही येत नाही. आत वायू साठतच राहतो. फुगलेल्या जठराचा दाब पोटातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या महाशिरेवर पडतो, हृदयाला परत येणारे रक्त कमी होते व रक्तदाब कोसळतो. जठराच्या भित्तिकेला रक्त न मिळाल्याने ती मृत होऊ लागते. जठराला जोडलेली प्लीहाही बहुधा पिळली जाते. अखेरीस श्वान ‘शांत’ होतो. ही शांतता आघातावस्थेची असते, वेदना थांबल्याची नव्हे.

उपचार आहेत. पशुवैद्यक प्रथम शिरेतून द्रव देऊन व नळीने किंवा सुईने वायू काढून दाब कमी करतो, नंतर शस्त्रक्रियेने पीळ सोडवतो आणि जठर पोटाच्या भित्तीला टाके घालून स्थिर करतो. वेळेत शस्त्रक्रिया झालेले श्वान बहुसंख्येने वाचतात. जठर स्थिर केले नाही तर विकार पुन्हा उद्भवण्याची शक्यता मोठी असते. खोल व अरुंद छातीच्या श्वानांत हा धोका अधिक असल्याचे सर्वमान्य आहे. ग्रेट डेन ही जात त्यात अग्रभागी आहे. मराठवाड्यातील कारवान किंवा सीमेपलीकडील मुधोळ या शिकारी जातींची छातीही खोल असल्याने देशी म्हणून त्यांना वगळणे सयुक्तिक ठरणार नाही.

या ठिकाणी घरी करण्यासारखे काहीच नाही. सोडा पाजल्याने वायूत भरच पडते. पोट ढोलासारखे ताठ होण्याची वाट पाहणेही योग्य नाही, कारण खोल छातीच्या श्वानात फुगलेले जठर काही काळ बरगड्यांआड दडलेले राहते. मोठा श्वान, अस्वस्थता आणि कोरडी ओकारी एवढी लक्षणे निघण्यास पुरेशी आहेत.

वयाचा मुद्दा :

एकाच लक्षणाचा अर्थ वयानुसार बदलतो. चार वर्षांच्या, लसीकरण झालेल्या, खेळत असलेल्या श्वानाने एकदा गवत खाऊन उलटी केली, तर तिची दखल घेण्याचेही कारण नाही. अडीच महिन्यांच्या पिल्लाने दोन उलट्या केल्या व अन्नाकडे पाठ फिरवली, तर ती संध्याकाळ वाया घालवता येत नाही. पिल्लाच्या शरीरात पाण्याचा व साखरेचा साठा अत्यल्प असतो.

पार्व्हो विषाणूचा रोग हे त्याचे ठळक उदाहरण होय. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर प्रथम आढळला व अल्पावधीत सर्वत्र पसरला. सहा आठवडे ते सहा महिने या वयातील लस न मिळालेली पिल्ले त्याला सर्वाधिक बळी पडतात. प्रथम मलूलपणा, मग उलट्या, त्यानंतर दुर्गंधीयुक्त व पुष्कळदा रक्तमिश्रित हगवण असा क्रम असतो. विषाणू आतड्याचे अस्तर व पांढऱ्या रक्तपेशी निर्माण करणारी अस्थिमज्जा या दोहोंवर हल्ला करतो, म्हणून पिल्लू निर्जलीकरणाने व जंतुसंसर्गाने एकाच वेळी खचते. उपचारांवाचून बहुतेक पिल्ले मरतात. दवाखान्यात ठेवून सलाइन, प्रतिजैविके व उलटी थांबवणारी औषधे दिल्यास बहुतेक वाचतात. इतका मोठा फरक केवळ वेळेने पडणारे रोग थोडेच असतील. रक्त दिसेपर्यंत थांबणे हीच येथील नेहमीची चूक आहे. सतत उलट्या होत असताना तोंडाने मीठ-साखरेचे पाणी पाजत राहिल्याने ते पुन्हा बाहेर पडते, एवढेच होते.

प्रौढ श्वानात याच्या उलट, संथपणे वाढणारा पण अखेरीस तितकाच धोकादायक असा रोग म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप. एर्लिकिया व बबेसिया हे त्याचे महाराष्ट्रात नेहमी आढळणारे कारक. श्वान आठवडाभर कमी खातो, हिरड्या फिकट होत जातात, आणि सर्व काही सावकाश घडत असल्याने घरच्यांची नजर त्याला सरावते. नाकातून रक्त येणे, पोटाच्या त्वचेवर लाल-जांभळे ठिपके उमटणे किंवा लघवी गडद तपकिरी होणे यांपैकी काहीही दिसले की संथ आजार तातडीचा झाला असे समजावे.

ऊन, विष आणि साप :

बहुतेक तातडीच्या प्रसंगी ‘आधी दवाखाना’ हे सूत्र लागू असते. उष्माघात हा त्याला अपवाद आहे. येथे आधी थंडावा व मग दवाखाना. विदर्भातील मे महिन्यात दुपारी फिरायला नेलेला श्वान, पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेला श्वान किंवा ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून बंद मोटारीत ठेवलेला पग, या सर्वांची गत एकच होऊ शकते. श्वानाला घामाने अंग थंड करता येत नाही, तो धापांवर अवलंबून असतो, आणि चपट्या नाकाच्या जातींना धापाही नीट टाकता येत नाहीत. तापमान १०६ अंशांच्या आसपास गेले की अवयवांची हानी सुरू होते. अशा वेळी नळाचे साधे पाणी पोट, जांघा व पाय यांवर सतत ओतून पंख्याचा वारा द्यावा व तापमान १०३ अंशांच्या जवळ आले की थांबावे. ओला टॉवेल पांघरून तसाच ठेवल्यास आतील उष्णता कोंडते. शुद्धीवर आलेला श्वानही दवाखान्यात न्यावाच लागतो, कारण रक्त गोठण्याची प्रक्रिया व मूत्रपिंडे यांवरील परिणाम पुढील दोन-तीन दिवसांत दिसून येतात.

विषबाधेत लक्षणांची वाट पाहणे हाच मुळात चुकीचा मार्ग आहे. उंदीर मारण्याच्या औषधांचे दोन प्रकार बाजारात मिळतात व त्यांचे वागणे परस्परविरुद्ध आहे. झिंक फॉस्फाइडची काळसर पूड जठरातील आम्लाशी संयोग पावून विषारी वायू निर्माण करते. काही तासांत उलट्या, तडफड व मृत्यू येऊ शकतो. अन्न दिल्यास आम्ल वाढते, म्हणून दूध-भात देऊ नये, आणि श्वानाच्या उलटीचा वायू माणसांनाही बाधक असल्याने वाहनाच्या काचा उघड्या ठेवाव्यात. ब्रोमाडायोलोनच्या वड्या खाल्लेला श्वान मात्र दोन-तीन दिवस पूर्ण निरोगी दिसतो आणि नंतर शरीरात कोठेही रक्तस्राव होऊ लागतो. पहिल्याच दिवशी नेल्यास जीवनसत्त्व ‘के’च्या साध्या उपचाराने तो वाचतो. शेतीतील फोरेटसारखी कीटकनाशके पोटात गेल्यास तोंडातून लाळेच्या धारा लागतात, बाहुल्या बारीक होतात, अंगाचे स्नायू फडफडतात. ॲट्रोपीनचे इंजेक्शन मिळण्यास लागणारी मिनिटेच येथे जीवन-मरण ठरवतात. कोणत्याही विषात मीठ पाजून उलटी करवू नये. मिठाचीच विषबाधा होते. वेष्टन किंवा उरलेली वडी सोबत नेणे मात्र फार उपयोगी पडते.

स्वयंपाकघरातील काही पदार्थही या यादीत येतात. चॉकलेट व कांदा आता बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. द्राक्षे व बेदाणे यांविषयीची जाणीव तुलनेने कमी आहे, आणि नाशिक-तासगावच्या प्रदेशात ते घरोघरी असतात. काही श्वानांची मूत्रपिंडे थोड्या बेदाण्यांनीही निकामी होतात, तर काहींना काहीच होत नाही. द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असा विचार २०२१ पासून पुढे आला. कोणता श्वान कोणत्या गटातला हे आधी कळत नसल्याने खाल्ल्याचे कळताच दूरध्वनी करणे श्रेयस्कर.

सर्पदंशात जखम चिरणे, आवळून बांधणे, बर्फ लावणे हे सर्व त्याज्य आहे. घोणस व फुरसे यांच्या दंशाने तोंड किंवा पाय झपाट्याने सुजतो व रक्त थांबत नाही. मण्याराच्या दंशात सूज नगण्य असते. त्याच्या व नागाच्या दंशात पापण्या जड होणे, मागचे पाय लुळे पडणे, श्वास मंदावणे ही लक्षणे दिसतात. या चारही सापांविरुद्ध माणसांसाठी बनवलेली बहुगुणी प्रतिसर्पविष लसच श्वानांनाही दिली जाते. ती प्रत्येक पशुवैद्यकाकडे असेलच असे नाही, यास्तव निघण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारून घेणे हा वेळेचा अपव्यय ठरत नाही.

मादी श्वान व नर श्वान यांचे काही स्वतंत्र प्रश्न :

नसबंदी न केलेली मादी माजावर येऊन गेल्यानंतर साधारण एक ते दोन महिन्यांनी जास्त पाणी पिऊ लागली, मलूल झाली, खाईनाशी झाली तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. स्राव दिसला तर शंका बळावते. स्राव दिसला नाही तर गर्भाशयाचे मुख बंद असल्याने धोका उलट अधिक असतो. विताना जोरदार कळा देऊनही अर्ध्या तासात पिल्लू बाहेर न येणे, पोटात पिल्ले शिल्लक असताना दोन तासांहून अधिक खंड पडणे, अथवा पहिल्या पिल्लापूर्वीच हिरवा स्राव येणे हे अडल्याचे संकेत होत. नर श्वान वारंवार पाय उचलतो पण थेंबही पडत नाही, तेव्हा खड्याने मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. त्याला बद्धकोष्ठता समजून एरंडेल पाजल्याची उदाहरणे घडतात.

एक महत्त्वाचा अपवाद :

आतापर्यंतचा विचार श्वानाच्या जिवाचा होता. एका प्रसंगी मात्र माणसाचा विचार आधी करावा लागतो. श्वानाचा खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, त्याला गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, तर ‘घशात हाड अडकले’ असा तर्क स्वाभाविकपणे होतो व कोणीतरी तोंडात हात घालतो. हीच लक्षणे रेबीजच्या मूक प्रकाराचीही आहेत. पिसाळलेला कुत्रा धावून चावतो हे चित्र सर्वांच्या मनात पक्के असल्याने कोपऱ्यात लाळ गाळत बसलेला, अंधार शोधणारा, ओळख हरवलेला श्वान पिसाळलेला असू शकतो हे ध्यानातच येत नाही. लसीकरणाचा भरवसा नसलेल्या श्वानाच्या बाबतीत, त्यात महाविद्यालयाच्या आवारात वाढलेले व विद्यार्थ्यांचे लाडके श्वानही आले, अशा वेळी हात न लावता त्याला शक्य तर बंद जागेत ठेवावे आणि पशुवैद्यकास तेथेच बोलवावे. त्याच्या लाळेचा संपर्क जखमेशी किंवा डोळ्या-तोंडाशी आला असेल, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन, डोळे-तोंड असल्यास केवळ भरपूर पाण्याने धुऊन, त्याच दिवशी माणसांच्या रुग्णालयात लस सुरू केली पाहिजे. श्वानावर दहा दिवस नजर ठेवण्याचा प्रघात लसीला पर्याय म्हणून नाही. लक्षणे सुरू झाल्यावर या रोगावर परिणामकारक उपचार नाही.

थांबणे योग्य केव्हा :

प्रत्येक आजारात धावपळ करावी असा याचा अर्थ नाही. रात्रीच्या उपचारांचा खर्च अनेकांना सहज परवडणारा नसतो, आणि घाबरून केलेल्या प्रवासाचा त्रास श्वानालाही होतो. प्रौढ श्वान पाणी पितो आहे व ते पोटात ठरते आहे, हिरड्या गुलाबी आहेत, हाकेला शेपूट हलवतो आहे, अशा स्थितीत एक-दोन उलट्या, एखाद-दुसरी पातळ शी, एक दिवस न खाणे, किंचित लंगडणे, कान किंवा अंग खाजवणे यांसाठी सकाळपर्यंत थांबणे शहाणपणाचेच असते. मात्र हे थांबणे पाहत थांबणे असावे. दर दोन तासांनी श्वास, हिरड्यांचा रंग व प्रतिसाद यांची वेळेसह नोंद केली, तर स्थिती एका जागी आहे की घसरते आहे हे कागदावर दिसते, आणि सकाळी पशुवैद्यकाच्या हाती तो कागद कोणत्याही वर्णनाहून अधिक मोलाचा ठरतो.

संशयाच्या स्थितीत दोन संभाव्य चुका तोलून पाहाव्या लागतात. विनाकारण गेल्यास पैसे व झोप जाते. विनाकारण थांबल्यास जे जाते ते परत मिळत नाही. तरीही हा तराजू सर्वांसाठी सारखा नाही, हे मान्य केले पाहिजे.

अंतर व प्रवास :

वर दिलेल्या सर्व मर्यादांमध्ये एक गृहीत आहे : दवाखाना जवळ आहे. मुंबई-पुण्यात रात्रीही उघडी असणारी रुग्णालये आहेत. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्टचे छोट्या प्राण्यांचे रुग्णालय त्यांपैकी एक. परळ, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांचे चिकित्सालय आसपासच्या जिल्ह्यांना आधार देतात. ज्यांचे गाव यांपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे त्यांनी निर्णयाची रेषा तितकीच अलीकडे ओढली पाहिजे. शहरात ज्या लक्षणावर ‘आणखी दोन तास पाहू’ म्हणता येते त्याच लक्षणावर तेथे निघावे लागते, कारण ते दोन तास रस्त्यातच जाणार असतात. संध्याकाळी सहाला संशय आला तर तो रात्री दहापर्यंत जपून ठेवण्यापेक्षा तालुक्याच्या पशुवैद्यकाला त्याच वेळी दूरध्वनी करावा. वय, वजन, लक्षण कधी सुरू झाले, शेवटचे खाणे-पिणे व लघवी केव्हा, हिरड्यांचा रंग आणि श्वासांची संख्या एवढे सांगता आले, तर तो दूरवरूनही बराच अंदाज बांधू शकतो व पुढील दवाखान्याला पूर्वसूचना देऊ शकतो.

नेताना जखमी श्वानाला फळीवर किंवा जाड चादरीवर सरकवून उचलावे. वेदनेने घरचा श्वानही चावतो, त्यासाठी पट्टीचे मुसके बांधावे. मात्र उलट्या करणाऱ्या, धाप लागलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या श्वानाचे तोंड बांधू नये. त्याला कुशीवर, मान सरळ व जीभ बाहेर राहील असे निजवावे. पगसारख्या जातींचा डोळा मारामारीत खोबणीबाहेर आला असल्यास स्वच्छ, ओल्या कापडाने तो झाकून ठेवावा. आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. वाटेत पाणी किंवा दूध पाजू नये, कारण पोहोचताच भूल द्यावी लागण्याचा संभव असतो.